तामलवाडीचा ताप

तुळजापुरात मिनाज शेखचं तोंड ओळखणारी माणसं थोडी, आवाज ओळखणारी मात्र हजारभर. बस स्टँडजवळचे लॉजवाले, अणदूरचे झेरॉक्सवाले, तामलवाडीचे मास्तर, सगळ्यांना तो आवाज पाठ. नेट बंद पडलं की फोन लावायचा आणि पलीकडून विचारणा व्हायची, नाव सांगा, गाव सांगा, डब्यावर लाल दिवा लागलाय का ते सांगा. माणूस कितीही भडकलेला असो, ही बाई आवाज चढवायची नाही. नवरात्रात लॉज गच्च भरलेलं असताना एखादा आईबहिणीवर उतरला तरी सगळं ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, बरं, आता दिवा बघता का. शिव्या देणाराच शेवटी ओशाळून दिवा बघायला उठायचा.

मूळची ती परंड्याची. बाप लहानपणीच गेला. आई अजीजाबी सरकारी दवाखान्यात आया होती, तिची बदली तुळजापूरला झाली आणि मायलेकी इकडं आल्या. परंड्यात असतानाच मिनाजनं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. तेवढ्या एका सर्टिफिकेटावर इंद्रजितनं तिला तक्रारी घ्यायला बसवलं, त्याला आता सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत तिनं नऊ जाडजूड वह्या भरल्या. तारीख, वेळ, गाव, तक्रार, कारण, असे पाच रकाने. आलेला एकही फोन तिनं वहीबाहेर सोडला नाही.

इंद्रजित म्हणजे मालक. कंपनीला रीतसर नाव आहे, बाहेर पाटीही आहे, पण गावोगाव तिला 'इंद्रजितदादाचं नेट' असंच म्हणतात. केबल टीव्हीपासून सुरुवात केलेला हा गडी चाळिशीतच एकतीस गावांत काचेची तार घेऊन पोचला. प्रत्येक गावात कुणाच्या तरी घरी एक पेटी बसवलेली, त्या गावचं सगळं नेट त्या पेटीतून जायचं. माणूस वाईट नाही, खोटं कशाला बोला. पण पायाला भिंगरी आणि जिभेला घाई. समोरच्याचं अर्धं ऐकून पूर्ण निकाल द्यायचा.

आणि त्या एकतीस गावांतला एकूण एक जोड धुळाप्पाच्या हातचा. काचेची तार असते केसाएवढी. तुटली की दोन टोकं समोरासमोर धरून यंत्रात वितळवून जोडायची. जोड जरा जरी वाकडा बसला तरी आतला उजेड गळतो आणि नेट रडतं. धुळाप्पा नळदुर्गकडचा, वय अठ्ठावन्न, घरात कानडी आणि बाहेर मराठी. जोड मारताना श्वास रोखून तोंडातल्या तोंडात ओंदु, एरडु, मूरु म्हणायचा आणि तिसऱ्याला बटण दाबायचा. मिनाज नवी होती तेव्हा तारेचे तुकडे ऑफिसात आणून त्यानंच तिला या धंद्यातलं सगळं समजावून सांगितलं. तो तिला माय म्हणायचा, ती त्याला मामा.

आता झालं असं, की एका पुढाऱ्यासारखं बोलणाऱ्या इंजिनियरनं इंद्रजितला सांगितलं, तुम्ही तक्रार आल्यावर जागे होता, त्याआधीच कळवणारं सॉफ्टवेअर असतं, ते बसवा. एकतीस गावांवर चोवीस तास नजर. इंद्रजितला ही गोष्ट फार आवडली. इंजिनियर बसवून देतो म्हणाला आणि पुण्याला निघून गेला तो गेलाच. मग इंद्रजित मिनाजला म्हणाला, तू बसव.

तिनं बसवलं. फोन घेत घेत, मधल्या वेळात, मोबाइलवर एकेक शब्दाचा अर्थ शोधत तिनं आठ दिवसांत ते उभं केलं. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पेटीसाठी काउंटर बसवायचे असतात. काउंटर म्हणजे मोजणारा. पेटीला ठरलेल्या वेळी एकेक प्रश्न विचारायचा आणि आलेलं उत्तर मांडून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. मिनाजच्या हातून पहिलाच काउंटर चालू झाला, तो विचारायचा, जिवंत आहेस का? पेटी म्हणायची, आहे. दर मिनिटाला हाच सवाल, हाच जबाब. बाकीचे काउंटर काही केल्या बोलेनात. तिला वाटलं, ते आपल्या पेट्यांना नसतीलच. पडद्यावर एकतीस हिरवे ठिपके उमटले तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिनं धुळाप्पाला मुद्दाम बोलावून ते दाखवले. आपली एकतीस गावं अशी एका जागी धुळाप्पानंही कधी पाहिली नव्हती.

त्याच ठिपक्यांनी त्याचा घात केला.

तीस हिरवे राहिले आणि एक, तामलवाडीचा, रोज दुपारनंतर लाल व्हायला लागला. साडेतीन-चारला जायचा, मग येजा करत संध्याकाळी उशिरा हिरवा व्हायचा. शाळेच्या मास्तरांचे फोन, झेरॉक्सवाल्याचे फोन, ऑनलाइन फॉर्म अर्ध्यात अडकलेल्यांचे फोन. धुळाप्पा दुपारी कुठल्या तरी दुसऱ्या गावात खांबावर असायचा, तामलवाडीला पोचायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी. सकाळी सगळं ठणठणीत. तरी त्यानं तीन आठवड्यांत तीन वेळा चांगला जोड तोडून नव्यानं मारला. गडी शेवटी म्हणाला, याला म्या काय करू?

तामलवाडीचे सरपंच ऑफिसात येऊन सांगून गेले, पुढच्या महिन्यापासून आम्ही दुसरं नेट बघतो. ते गेले आणि इंद्रजितनं मिनाजला तामलवाडीचा आलेख छापायला सांगितला. तिनं छापला. तो लाल डागांचा कागद इंद्रजितनं धुळाप्पापुढं ठेवला. तीस गावं ठीक आणि एकच बिघडतं, तेही तीनदा जोड मारून, म्हणजे हात थरथरायला लागलेत, असं त्याचं म्हणणं. वयाचं आहे, यात कमीपणा नाही, असंही म्हणाला. मग हळू आवाजात म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत करा मामा. मग घरी बसा, आराम करा."

धुळाप्पानं कागद हातात घेतला, लांब धरून बघितला आणि परत ठेवला. "माझा जोड सुटत न्हाय," एवढंच बोलला आणि पिशवी उचलून गेला.

मिनाज त्या दिवशी फोन घेत राहिली, पण डोळे पुन्हापुन्हा त्या कागदाकडं जायचे. तो कागद तिच्या हातचा होता. मामानं जे शिकवलं त्याच्याच जोरावर तिनं तो उभा केला आणि त्यानंच मामाचं काम काढून घेतलं. महिना संपायला तेरा दिवस होते. जोड खरंच वाईट असेल तर गोष्ट वेगळी, पण तिला ते पटत नव्हतं, आणि पटत नाही याला पुरावा काही नव्हता.

संध्याकाळी घरी ताटावर बसली आणि घास हातात घेऊन नुसतीच राहिली. अजीजाबीनं विचारलं, तसं तिनं सगळं सांगितलं. अजीजाबीचं आयुष्य वॉर्डात गेलेलं, तिला नेट म्हणजे काय ते धड कळत नव्हतं, पण आजारी माणूस बरोबर कळायचा. ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "तू उसको क्या पूछती? जिंदा है क्या, बस इतनाच? मरीज को इतनाच पूछे तो कैसा होता? ताप कितना, नाडी कितनी, पेशाब हुई क्या, सब पूछना पडता. सिस्टर लोगां चार-चार घंटे को लिखते थे ना तख्ते पे."

मिनाज घास हातात तसाच धरून आईकडं बघत राहिली. खाटेच्या पायाशी अडकवलेला तो तक्ता तिनं लहानपणी शंभरदा पाहिला होता. वॉर्डातल्या बाकावर बसून त्यावरच्या वर-खाली जाणाऱ्या रेघेवर ती बोट फिरवायची. आपण एका रोग्याला वीस दिवस फक्त जिवंत आहेस का विचारत होतो, हे तिला अगदी लख्ख कळलं, आणि स्वतःचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी ती तास आधी ऑफिसात गेली. साडेनऊला धुळाप्पा आला तेव्हा ती म्हणाली, मामा, आज मला तामलवाडीला चार काउंटर बसवायचेत, जरा थांबा. धुळाप्पानं मान हलवली, पिशवीतून टेप काढला आणि दाराजवळची भिंत मोजायला लागला. वर म्हणाला, चार मावायचे न्हाईत माय, दोन बसतील, आन प्लायचे घे, सनमायका उचकटतो. मिनाजला हसू आवरेना. महिनाअखेर घरी बसायची पाळी आलेली असताना हा माणूस ऑफिसच्या फर्निचरची काळजी करत होता. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग तिनं त्याला शेजारी बसवून नीट समजावलं.

काउंटर मात्र त्या दिवशीही बोलेनात. ती पुन्हा पहिल्यापासून एकेक रकाना तपासायला लागली आणि एका रकान्यापाशी तिचा हात थबकला. रकान्याचं नाव होतं 'कम्युनिटी'. त्यात तिनं स्वतः टाइप केलं होतं, मुस्लिम.

खरं सांगायचं तर यात तिची चूक ती काय? शाळेचा फॉर्म घ्या, रेशनचा घ्या, स्कॉलरशिपचा घ्या, जिथं कम्युनिटी विचारली तिथं जन्मभर हेच लिहिलेलं. हात सवयीनं चालला. धुळाप्पा चष्मा वर करून पडद्याकडं बघत म्हणाला, "ह्या पेटीला बी जात लागती व्हय?" मिनाज लाजली. तेवढ्यात त्याला चेव आला, माझी टाकून बघ म्हणाला, लिंगायत, चालली तर चालली. तिनं मोबाइलवर शोधलं. कम्युनिटी म्हणजे त्या पेटीशी बोलायचा ठरलेला परवलीचा शब्द निघाला. पेटी घडवणाऱ्यानं कारखान्यातच तो टाकून दिलेला असतो, आणि बहुतेक पेट्यांना तो असतो 'पब्लिक'.

तिनं पब्लिक टाइप केलं आणि बटण दाबलं. पेटी बोलायला लागली.

अशी बोलायला लागली की विचारू नका. सत्तर-ऐंशी काउंटर यादीत उतरले. मिनाजला घाम फुटला. पण आईचा तक्ता डोळ्यांपुढं होता. सगळं विचारायचं नाही, रोग्याला लागतं तेवढंच विचारायचं. तिनं आधीचा एक धरून चार निवडले आणि त्यांना नावं दिली मराठीत, म्हणजे धुळाप्पालाही वाचता येतील. पेटी जिवंत आहे का, तो पहिला, 'श्वास'. तारेतून येणारा उजेड किती, तो 'उजेड'. पेटी शेवटची बंद होऊन किती वेळ झाला, तो 'झोप'. आणि पेटीच्या पोटातली उष्णता, तिचं नाव दुसरं काय असणार, 'ताप'. परवलीचा शब्द मात्र नंतर तिनं बदलला, कारण पब्लिक सगळ्यांनाच ठाऊक असतो. आता तिथं काय आहे ते ती कुणाला सांगत नाही.

मग फक्त बघत बसायचं. एका दिवसाच्या आकड्यावर इंद्रजित ऐकणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणून तिनं आठ दिवस धरले. हे आठ दिवस धुळाप्पा रोज कामावर जाण्याआधी तिच्या खुर्चीमागं उभा राहायचा. नुसता 'उजेड' लिहिलेल्या रेघेकडं बघायचा. ती रेघ पहिल्या दिवसापासून सरळ होती. सकाळी सरळ, दुपारी सरळ, नेट बंद पडायच्या ऐन क्षणापर्यंत सरळ. कुठं तसूभर उतार नाही. जोड सुटत असता तर सगळ्यात आधी तीच रेघ पडली असती.

'ताप' मात्र रोज तिसऱ्या प्रहरी चढायचा. दिवसभर पंचेचाळीस-पन्नास. तीनच्या सुमाराला साठ, मग सत्तर, मग ब्याऐंशी-पंचाऐंशी, की पेटी जीव वाचवायला स्वतःच बंद पडायची. निवली की उठायची, परत तापायची, परत पडायची. दिवेलागण झाली की गुण आल्यासारखी गार.

महिना संपायला चार दिवस असताना मिनाजनं दोन कागद छापून इंद्रजितपुढं ठेवले. एकावर सरळ रेघ, एकावर रोजचा डोंगर. त्याला घाई होती, पण तिनं त्या दिवशी दाराची वाट अडवली म्हणा ना. सहा वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज किंचित चढला. इंद्रजितनं कागद बघितले. डोकं तल्लखच होतं, त्याला कळायला वेळ लागला नाही. जोड चांगला आहे, पटलं, असं तो म्हणालाही. पण लगेच पुढचं बोलला, "तापते कशानं पण? पेटीची जागा कुणी निवडली, मामांनीच ना? उन्हात बसवली असंल. मग चूक त्यांचीच झाली की." महिनाअखेरची मुदत जागच्या जागी राहिली.

त्याच दिवशी दोनला मिनाजनं फोन दुसऱ्याकडं दिला, स्कूटी काढली आणि धुळाप्पाला मागं बसवून सोलापूर रस्त्याला लागली. धुळाप्पा रस्ताभर एकच सांगत होता, पेटी ओसरीत हाय माय, सावलीत, म्या सवता जागा बघून बसवली, तिथं ऊन येतच न्हाय. स्वतःलाच समजावत होता बिचारा.

तामलवाडीत पेटी मथुराबाईंच्या घरी होती. मथुराबाई पासष्टीच्या, दोन म्हशी सांभाळून होत्या आणि गावात दूध घालायच्या. हे दोघं पोचले तेव्हा अंगणात कडबा कुट्टीचं यंत्र धडधडत होतं. मथुराबाई तोंडाला पदर बांधून त्यात कडब्याच्या पेंढ्या सारत होत्या आणि धुळीचा असा लोट उठला होता की समोरचं दिसेना. पाहुणे बघून त्यांनी यंत्र बंद केलं. धूळ खाली बसली आणि ओसरी दिसायला लागली.

ओसरीत ऊन नव्हतं, धुळाप्पाचं खरं होतं. पण फळीवर पेटी दिसेना. तिथं होती एक वाकळ. जुन्या लुगड्यांची, चार पदरी, चांगली जाडजूड, आणि चारी बाजूंनी अशी नीट खोचलेली की वारा शिरायला फट नाही.

मिनाजनं विचारलं, मावशी, ही कधी घातली? मथुराबाईंनी सरळ सांगितलं. रोज तिसऱ्या प्रहरी कुट्टी करायला घ्यायच्या आधी झाकते आणि दिवा लावताना काढते, मशीन आणल्यापासनं, महिना होत आला. त्या धुळाप्पाकडं वळून म्हणाल्या, "तुमीच म्हणला व्हता न्हवं, पाहुणं? धुळीपासनं जपा, लेकरावानी सांभाळा. मग लेकराला काय उघडं ठेवू धुळीत?"

धुळाप्पा ओट्यावर बसला. म्हणला होता तो. याच ओसरीत, याच फळीखाली उभा राहून म्हणला होता.

मिनाजनं मथुराबाईंचा हात धरला आणि वाकळेच्या आत पेटीवर टेकवला. मथुराबाईंनी चटका बसल्यासारखा मागं घेतला, मग पुन्हा उलटा करून, लेकराचं कपाळ बघावं तसा टेकवला. "अगं बया," त्या म्हणाल्या, "हे तर फणफणलंय की." त्यांनी वाकळ ओढून काढली, पदरानं पेटीला वारा घालायला लागल्या. मिनाजनं मोबाइल पुढं केला. त्यावर ताप चौऱ्याऐंशी होता. एकोणऐंशी झाला. बहात्तर झाला. चौसष्टवर आल्यावर मथुराबाईंनी पदर सोडला आणि विचारलं, गावातली माणसं महिनाभर नेटच्या नावानं बोटं मोडायलीत, ते माझ्यामुळं का? मिनाजनं वाकळ उचलून तिची घडी घातली. ती म्हणाली, तुम्ही सांभाळलंच हो मावशी, फक्त याला उकडतं. पेटी तिथून हलवून आतल्या खोलीच्या भिंतीला लावली, धूळ येऊ नये म्हणून बारीक जाळी बसवली. मथुराबाईंनी दोघांना दूध घालून चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

परत येताना स्कूटीवर धुळाप्पा मागं होता. मिनाजच्या डोक्यात वहीतला पाचवा रकाना फिरत होता, 'कारण'. तिथं नुसतं 'धूळ' लिहिलं तर? धूळ होतीच की. खोटंही नाही आणि मामाच्या बोलण्याचा विषयही निघणार नाही. मागून जणू ते ऐकू गेल्यासारखा धुळाप्पा म्हणाला, "माय, हाय ते लिव्ह. माझ्यापायी वही खोटी करू नको. नऊ वह्या हायेत तुझ्या."

तिनं लिहिलं. कारण, पेटीवर वाकळ.

इंद्रजितनं ते वाचलं आणि वर बघितलं. झाकायला कुणी सांगितलं, असं त्यानं विचारायच्या आत धुळाप्पाच पुढं झाला. "झाका म्हणून न्हाय सांगितलं. लेकरावानी सांभाळा म्हणून सांगितलं. म्या. एकतीसच्या एकतीस घरी असंच सांगितलंय."

इंद्रजितनं कपाळाला हात लावला. एकतीस घरी, असं तो दोनदा पुटपुटला. तो पुढं काही बोलणार तेवढ्यात मिनाजनं कपाट उघडलं आणि नऊच्या नऊ वह्या त्याच्या टेबलावर आणून ठेवल्या. आवाज तोच, फोनवरचा. "दादा, बाकीच्या नेटवाल्यांच्या पेट्या गावोगाव फुटतात. आतल्या बॅटऱ्या चोरीला जातात. तुम्हीच सांगता. ह्या वह्यांत सहा वर्षांत आपली एक पेटी फोडल्याची, एक बॅटरी नेल्याची तक्रार आहे का, बघा. एक दाखवा मला."

इंद्रजित बघायला लागला. त्याला वाटलं असावं, सापडेलच. एक वही चाळली, दुसरी चाळली. तिसरीत जरा जास्त वेळ गेला. खाली रस्त्यावर भाविकांची गाडी येऊन थांबली, आईराजा उदो उदो झालं, तरी हा वाचतोच आहे. या घाईच्या माणसाला एवढा वेळ एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. वारा आला, केबल तुटली, ट्रॅक्टरनं खांब पाडला, उंदरानं तार खाल्ली, सगळं होतं. चोरी नव्हती. एकतीस घरांनी एकतीस लेकरं सांभाळली होती.

पाचव्या वहीला त्यानं हात लावला नाही. धुळाप्पाकडं न बघताच म्हणाला, मामा, सोमवारपासून सगळी गावं फिरून या, मिनाज प्रत्येक पेटीला तो ताप-बिप बसवील तोवर. "आणि परत सांगून या घरोघरी. लेकरावानी सांभाळा, पण पांघरूण घालू नका."

मिनाजला राहवलं नाही. तिनं विचारलं, आणि महिनाअखेरचं?

"कसलं महिनाअखेरचं?" इंद्रजित म्हणाला, आणि वाजत नसलेला फोन कानाला लावून जिना उतरला. माफी मागायची त्याची हीच तऱ्हा. धुळाप्पा एकेक वही उचलून कपाटात ठेवत होता. शेवटची ठेवून झाल्यावर त्यानं कपाटाचं दार लावलं आणि बाहीनं डोळे पुसले. मिनाजनं बघून न बघितल्यासारखं केलं आणि ती मामासाठी चहा सांगायला उठली.

तामलवाडीचं नेट तेव्हापासून गेलेलं नाही. सरपंचांनी दुसरं नेट बघायचं पुन्हा काढलं नाही. पण तामलवाडीचा फोन मात्र रोज येतो. चारच्या ठोक्याला, कुट्टी झाल्यावर, मथुराबाईंचा.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "माय, लेकराला ताप किती हाय?"

मिनाजनं पडद्यावर बघून सांगितलं, "एक्केचाळीस."

पलीकडून घाबरा आवाज आला, "एक्केचाळीस?"

"माणसाला जास्त, मावशी. ह्याला बरा आहे."

"मग खेळतंय म्हण की," मथुराबाई म्हणाल्या आणि म्हशीकडं जायचंय म्हणून फोन ठेवला.

मिनाजनं दहावी वही पुढं ओढली. आलेला फोन तिनं आजवर वहीबाहेर सोडलेला नाही, हाही सोडला नाही. तारीख लिहिली, वेळ लिहिली, गाव लिहिलं, तामलवाडी. आणि तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, काही नाही.